एलिफंट पास : तहानेने पडलेला तळ

जाफना द्वीपकल्पाला उरलेल्या श्रीलंकेशी जोडणारी जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्या पश्चिमेला जाफन्याची खाडी, पूर्वेला चुंडिक्कुळमचे खाजण, मधून कँडीहून जाफन्याला जाणारा ए-९ महामार्ग आणि त्याच्या सोबतीने रेल्वेमार्ग. दक्षिणेकडच्या वन्नीच्या जंगलात धरलेले हत्ती एकेकाळी याच वाटेने जाफन्याला नेत आणि तिथून जहाजांवर चढवत, म्हणून या जागेचे नाव एलिफंट पास. डचांनी अठराव्या शतकात इथे लहानशी गढी बांधली होती. १९५२ पासून श्रीलंकेच्या लष्कराचा इथे कायमचा तळ होता. आजूबाजूला मिठागरे, नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट खारी जमीन, कुठेकुठे ताडाची झाडे. आडोसा म्हणून काही नाही. ही पट्टी ज्याच्या ताब्यात, त्याच्या परवानगीशिवाय जमिनीवरून जाफन्यात कुणी जाऊ शकत नसे.

२००० साली या तळावर आणि भोवतालच्या ठाण्यांत मिळून दहा हजारांहून अधिक सैनिक होते. काँक्रीटचे बंकर, सुरुंगांचे पट्टे, काटेरी तारा, रणगाडे, लांब पल्ल्याच्या तोफा, वरून विमानांची मदत, असे सगळे होते. नव्हते ते पिण्याचे पाणी. मिठागराच्या जमिनीत कुठेही खणले तरी खारेच पाणी लागते. जाफना द्वीपकल्पात बारमाही नदी नाही. पावसाचे पाणी चुनखडीत मुरते, खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते आणि विहिरींतून वर येते. एलिफंट पासच्या फौजेला गोडे पाणी मिळे ते उत्तरेला काही किलोमीटरवर असलेल्या इयक्कच्चीच्या विहिरींमधून.

२२ एप्रिल २००० रोजी हा तळ लिट्टेच्या, म्हणजे तमिळ वाघांच्या हाती पडला. एखाद्या बंडखोर संघटनेने सरकारी लष्कराचा एवढा मोठा तळ जिंकल्याची उदाहरणे दक्षिण आशियाच्या इतिहासात शोधूनही फारशी सापडत नाहीत. पण वाघांनी तळावर झडप घातली नव्हती. त्यांनी विहिरी आणि रस्ता घेतला, बाकीचे काम उन्हाळ्याने केले. ही युक्ती त्यांना एका दारुण पराभवाने शिकवली होती.

बुलडोझरवर चढलेला सैनिक

जुलै १९८३ मध्ये कोलंबोत आणि इतरत्र तमिळांची कत्तल झाली आणि धुमसणाऱ्या असंतोषाचे यादवी युद्ध झाले. १९८७ मध्ये राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या करारानुसार भारताची शांतिसेना तिथे गेली आणि काही महिन्यांतच लिट्टेशी लढू लागली. त्या नोव्हेंबरात जाफन्याजवळ झालेल्या चकमकीत महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना वीरमरण आले. मुंबईत जन्मलेल्या परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. अकराशेहून अधिक जवान गमावून शांतिसेना मार्च १९९० मध्ये परत आली. जूनमध्ये लिट्टे आणि श्रीलंकेचे लष्कर पुन्हा एकमेकांशी भिडले. जाफना वाघांच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी उत्तर प्रांतातल्या हजारो मुस्लिम कुटुंबांना नेसत्या वस्त्रांनिशी घराबाहेर काढले. तमिळ स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या संघटनेचा हा दुसरा चेहरा होता.

जाफना हाती असला तरी दारातला एलिफंट पास लष्कराकडेच होता. १० जुलै १९९१ रोजी लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन याच्या फौजेने त्याला वेढा घातला. आत सिंह रेजिमेंटचे काही शे सैनिक होते. गनिमी हल्ले करणारी लिट्टे प्रथमच एखाद्या नियमित सैन्यासारखी समोरासमोर उभी ठाकली होती. सपाट जमिनीवर मशीनगनच्या माऱ्यातून पुढे सरकायचे कसे, यावर वाघांनी तोडगा काढला होता. बुलडोझरला लोखंडी पत्रे ठोकून त्यांनी घरगुती रणगाडे तयार केले होते आणि त्यांच्या आडून लढवय्ये पुढे सरकत होते.

असाच एक बुलडोझर तळाच्या संरक्षण-रेषेवर येऊन थडकला, तेव्हा गामिणी कुलरत्न नावाचा लान्स कॉर्पोरल हातात हातबाँब घेऊन त्याच्याकडे धावत सुटला. गोळ्या लागल्या तरी तो शिडीवरून वर चढला आणि बाँब आत टाकून त्याने तो बुलडोझर जागीच थांबवला. तो त्यात ठार झाला. 'परम वीर विभूषणय' हा श्रीलंकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळालेला तो पहिला सैनिक. हसलक या त्याच्या गावाच्या नावाने 'हसलक गामिणी' म्हणून त्याला सिंहली घराघरांत ओळखतात.

दरम्यान लष्कराने पूर्व किनाऱ्यावर वेट्टिलैकेणी इथे हजारो सैनिक समुद्रमार्गे उतरवले. तिथून एलिफंट पास दहा-बारा किलोमीटर. तेवढे अंतर कापायला या फौजेला जवळजवळ तीन आठवडे लागले. इंचाइंचासाठी लढाई झाली. ऑगस्टच्या सुरुवातीला वेढा उठला. लिट्टेचे पाचशेहून अधिक लढवय्ये मारले गेले होते, आणि हा आकडा त्यांनीच मान्य केलेला आहे. उघड्या मैदानात तोफांसमोर छाती काढून चालून गेले की काय होते, ते वाघांना कळले. किनाऱ्यावर फौज उतरवून वेढ्याची बाजू उलटवता येते, हेही त्यांनी शत्रूकडूनच पाहून घेतले. नऊ वर्षांनी हीच चाल लष्करावर उलटणार होती.

एकोणीस महिन्यांची कमाई

डिसेंबर १९९५ मध्ये लष्कराने जाफना शहर जिंकले. शहर सोडून लाखो लोक आधीच निघाले होते. लिट्टे वन्नीच्या जंगलात सरकली. पण जाफना जिंकून सरकारची नवीच अडचण झाली. मधली वन्नी वाघांकडे, त्यामुळे जाफन्यातल्या हजारो सैनिकांना शिधा, दारूगोळा, रजेवर जाणे-येणे, सगळे त्रिंकोमालीहून जहाजाने किंवा पलालीच्या धावपट्टीवरून करावे लागे. जुलै १९९६ मध्ये वाघांनी मुल्लैतिवूचा तळ एका झटक्यात उद्ध्वस्त केला. अकराशेहून जास्त सैनिक मेले आणि दोन १२२ मिलिमीटरच्या तोफा लिट्टेच्या हाती लागल्या. तोवर उखळी तोफांवर भागवणाऱ्या संघटनेचे तोफखाना दळ तिथे जन्माला आले. या हल्ल्याला त्यांनी नाव दिले होते 'ओयाद अलैगळ', म्हणजे न थांबणाऱ्या लाटा.

जाफन्यापर्यंत रस्ता मोकळा करण्यासाठी मे १९९७ मध्ये लष्कराने 'जयसिकुरुइ' ही मोहीम काढली. वावुनियाहून ए-९ धरून उत्तरेला सरकत किलिनोच्ची गाठायची, असा बेत होता. रस्ता तसा शंभर किलोमीटरांच्याही आतला. पण दोन्ही बाजूंच्या जंगलातून वाघ लचके तोडत राहिले. पूर्वेकडच्या बट्टिकलोआ भागातून करुणा या सेनापतीने आपली पोरे घेऊन वन्नीत तळ ठोकला होता. सप्टेंबर १९९८ मध्ये लष्कराने मधले मांकुळम घेतले, पण त्याच दिवसांत लिट्टेने उत्तरेकडची, लष्कराच्या ताब्यातली किलिनोच्ची परत जिंकली. म्हणजे गाठायचे ठिकाणच हातचे गेले. एकोणीस महिने चाललेली ही मोहीम डिसेंबर १९९८ मध्ये सोडून द्यावी लागली. एवढ्या काळात मिळवलेला मुलूख मात्र लष्कराकडे होता. लांबलचक, दोन्ही अंगांनी उघडा आणि राखायला कठीण.

२ नोव्हेंबर १९९९ रोजी 'न थांबणाऱ्या लाटां'चा तिसरा टप्पा सुरू झाला. पहिला घाव ओड्डुसुड्डानवर पडला. मग नेडुंकेणी, मांकुळम, कनगरायनकुळम. एक ठाणे कोसळले की शेजारचे आपसूक उघडे पडे आणि माघारी निघालेल्या सैनिकांना पाहून त्यापुढचे ठाणे खचे. एकोणीस महिन्यांत रक्त सांडून मिळवलेला मुलूख आठवड्याभरात गेला. वाघ थेट वावुनियाच्या वेशीजवळ येऊन ठेपले. वावुनियातले हजारो लोक घरेदारे सोडून दक्षिणेकडे निघाले.

सगळ्यांना वाटले, आता वावुनिया. लिट्टेने मात्र दक्षिणेकडची धडक थांबवली आणि तोंड उत्तरेकडे वळवले. डिसेंबरच्या मध्यास वेट्टिलैकेणीचा किनारा त्यांनी घेतला. हाच तो किनारा, जिथे १९९१ मध्ये वेढ्यातल्या सैनिकांची सुटका करायला आलेली फौज उतरली होती. एलिफंट पास पुन्हा वेढला गेला तर या वेळी सुटकेला येणाऱ्यांना ती वाट उरली नव्हती. त्याच सुमारास, १८ डिसेंबरला, कोलंबोतल्या प्रचारसभेत एका आत्मघाती स्त्रीने राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंग यांच्याजवळ स्वतःला उडवून दिले. चंद्रिका वाचल्या, पण उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. तीन दिवसांनी निवडणुकीत त्या पुन्हा निवडून आल्या. ज्या सरकारने १९९४ मध्ये शांततेचे वचन देऊन सत्ता मिळवली होती, ते आता युद्धात गळ्यापर्यंत बुडाले होते.

कुडारप्पूचा किनारा

बलराज हा लिट्टेचा सर्वांत नावाजलेला सेनापती. मुल्लैतिवू जिल्ह्यात वाढलेला हा माणूस नकाशापेक्षा जमीन वाचणारा म्हणून ओळखला जाई. प्रभाकरनने त्याच्यावर सोपवलेले काम कागदावर वेडेपणाचे होते. बाराशेच्या आसपास लढवय्ये घेऊन समुद्रातून शत्रूच्या मुलखात उतरायचे, खाजण तुडवत आत शिरायचे, पल्लाई आणि इयक्कच्ची या दोन ठाण्यांच्या मधोमध ए-९ महामार्गावर बसायचे आणि उठायचे नाही. उत्तरेला जाफन्याचे सैन्य, दक्षिणेला एलिफंट पासचे सैन्य. मध्ये हे बाराशे.

२६ मार्च २००० च्या रात्री कुडारप्पू आणि मामुनै गावांच्या किनाऱ्यावर लिट्टेच्या आरमारी दळाच्या, 'सागरी वाघां'च्या बोटी लागल्या. सूसै या आरमारप्रमुखाने नौदलाच्या गस्तनौकांशी झुंजत माणसे उतरवली. त्यांत महिलांच्या तुकड्याही होत्या. किनाऱ्यावरच्या वाळूतून आणि पुढच्या दलदलीतून दारूगोळा, उखळी तोफा आणि रसद खांद्यावरून वाहत हे लोक इत्ताविल गावापाशी रस्त्यावर पोहोचले. तिथे त्यांनी खंदक खणले. या प्रदेशात बंकरसाठी सगळ्यांत भरवशाचे सामान म्हणजे ताडाचा ओंडका. गोळी त्यात रुतून बसते, लाकूड फुटत नाही. वाळू, ओंडके आणि खंदक एवढ्या भांडवलावर बलराज महामार्गावर ठाण मांडून बसला.

लष्कराला काय झाले ते लगेच कळले आणि त्याचा अर्थही कळला. दोन्ही बाजूंनी रणगाड्यांसह हल्ले सुरू झाले. विमानांनी बाँब टाकले, तोफांनी ती पट्टी भाजून काढली. जागा एवढी लहान होती की मागे सरायला ठिकाणच नव्हते. पण रणगाड्यांना तिथे रस्ता सोडून फार आजूबाजूला जाता येत नसे. खाजणात ते रुतत. त्यामुळे रस्त्यावरूनच पुढे यायचे आणि तिथे टपून बसलेल्या रणगाडाविरोधी रॉकेटच्या टप्प्यात सापडायचे, हेच पुन्हा पुन्हा घडले. बलराजची तुकडी त्या जागी ३४ दिवस टिकली. त्याच काळात दुसऱ्या तुकड्यांनी किनाऱ्यालगतची ठाणी घेतली आणि त्याच्यापर्यंत रसद पोहोचवायची वाट उघडली.

एलिफंट पासमधल्या दहा हजारांची अवस्था याच्या उलट होती. त्यांच्याकडे बंकर होते, तोफा होत्या, पण मुख्य रस्ता बंद झाला होता. जाफन्याशी संपर्क उरला तो पश्चिमेकडून, किलालीच्या खाडीकाठच्या कच्च्या वाटेने. जखमींना बाहेर काढायचे तर त्याच वाटेने, दारूगोळा आणायचा तर त्याच वाटेने, आणि तीही लिट्टेच्या तोफांच्या माऱ्यात. लिट्टेच्या तोफखान्याची सूत्रे भानू या सेनापतीच्या हाती होती.

विहिरी

एप्रिल हा त्या भागातल्या कडक उन्हाच्या महिन्यांपैकी एक. ईशान्य मोसमी पाऊस आधीच संपलेला असतो आणि पुढचा मोठा पाऊस खूप दूर असतो. १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ, दोघांचेही नवे वर्ष सुरू होते. दोन्हीकडच्या घरांत चूल पेटवून दूध उतू जाऊ देतात. त्या वर्षी या सणाला तळावरच्या सिंहली शिपायांना आणि खंदकांतल्या तमिळ पोरांना एकच ऊन लागत होते. फरक एवढाच की शिपायांच्या विहिरींवर आता तोफा रोखलेल्या होत्या.

लिट्टेने एलिफंट पासच्या मुख्य तळावर मोठी चढाई केलीच नाही. त्यांनी सगळा जोर इयक्कच्चीवर लावला. इयक्कच्ची हे तळाचे पाणवठ्याचे ठाणे होते आणि ए-९ वरचे तळाच्या मागचे ठाणेही. आधी विहिरी तोफांच्या टप्प्यात आल्या, मग पाणी आणणारी वाहने, मग पाणी उपसणारी माणसे. तळावर पाण्याचे माप ठरले. उन्हात लोखंडी हेल्मेट घालून, दिवसरात्र जागे राहणाऱ्या शिपायाला दिवसाकाठी जितके पाणी लागते त्याचा काही हिस्साच मिळू लागला. बंदूक चालवणाऱ्या माणसाचे डोके पाण्यावाचून चालेनासे झाले की बंदुकीचा उपयोग नसतो.

२२ एप्रिलच्या पहाटे इयक्कच्ची पडली. त्यानंतर मुख्य तळ राखण्यात अर्थ उरला नव्हता. सैन्याने माघारीचा निर्णय घेतला आणि किलालीच्या खाडीकाठच्या वाटेने हजारो सैनिक चालत निघाले. लष्कराच्या ५४व्या डिव्हिजनचे उपप्रमुख ब्रिगेडियर पर्सी फर्नांडो या माघारीत आपल्या माणसांसोबत होते. ते तिथेच मारले गेले. मरणोत्तर त्यांना मेजर जनरलची बढती मिळाली. त्या वाटेवर लिट्टेच्या गोळ्यांनी माणसे मेली, तशीच उन्हाने आणि तहानेनेही मेली. अंगावर जखम नसलेले सैनिक चालता चालता कोसळत होते. सरकारने काही शेंचा आकडा सांगितला, लिट्टेने हजाराहून अधिकचा. मागे राहिलेल्या तळात लिट्टेला तोफा, रणगाडे, वाहने आणि दारूगोळ्याचे साठे मिळाले. भानूने तिथे वाघाचा झेंडा फडकवला. कोलंबोतून निघालेल्या निवेदनात मात्र सैन्याची 'फेरतैनाती' झाल्याचे म्हटले होते. लष्करी बातम्यांवर सेन्सॉरशिप होतीच. आता ती आणखी आवळली गेली.

जाफन्याच्या वेशीपर्यंत

महिनाअखेर पल्लाई गेले. मे महिन्यात वाघ चावकच्चेरीत शिरले आणि जाफना शहराच्या पूर्वेकडच्या वस्त्यांपर्यंत पोहोचले. पाठीमागे समुद्र आणि समोर लिट्टे, अशा कोंडीत जाफन्यातले तीस-चाळीस हजार सैनिक सापडले. आता मात्र कोलंबोच्या तोंडचे पाणी पळाले. सरकारने देशात युद्धसज्जतेची घोषणा केली आणि संप, सभांवर बंदी घातली. सैनिकांना बाहेर काढण्यासाठी भारताकडे मदत मागण्यात आली. शांतिसेनेने पोळलेल्या आणि राजीव गांधींच्या हत्येनंतर १९९२ मध्ये लिट्टेवर बंदी घातलेल्या भारताची मोठी कोंडी झाली. वाजपेयी सरकारमध्ये तमिळनाडूतले पक्ष सामील होते. ३ मे रोजी परराष्ट्रमंत्री जसवंत सिंग यांनी लष्करी हस्तक्षेपाची शक्यता स्पष्ट शब्दांत फेटाळली. मानवतावादी मदतीची तयारी तेवढी दाखवली. श्रीलंकेने लगोलग इस्रायलशी तुटलेले राजनैतिक संबंध जोडले आणि पाकिस्तानपासून पूर्व युरोपपर्यंत मिळेल तिथून शस्त्रे उचलली. बहुनळी रॉकेट लाँचर आणि लढाऊ विमाने काही आठवड्यांत दाखल झाली.

लिट्टेने सैन्याला शांतपणे निघून जाण्यासाठी तात्पुरत्या शस्त्रबंदीचा प्रस्ताव दिला. सरकारने तो धुडकावला. जाफन्यात जनक परेरा आणि सरत फोन्सेका या जनरलांना पाठवण्यात आले. त्यांनी माघार थांबवली, नव्या रेषा आखल्या आणि रॉकेटच्या वर्षावाने वाघांची आगेकूच रोखली. सप्टेंबरपर्यंत चावकच्चेरी लष्कराने परत घेतले, पण तोवर शहर म्हणून तिथे फारसे काही उरले नव्हते. दोन्ही बाजूंच्या तोफांनी घरे, दुकाने, नारळीच्या बागा जमीनदोस्त केल्या होत्या. लाखाहून अधिक लोक त्या भागातून विस्थापित झाले.

वाघ जाफन्याच्या दारात येऊन का थांबले, याची कारणे समोरच आहेत. वेढा घालायला आणि पळत्या सैन्याच्या मागे लागायला जी फौज पुरते, ती तटबंदीतले शहर घ्यायला आणि मग राखायला पुरत नाही. शत्रूच्या पाठीमागे समुद्र असल्याने त्याला माघारीचा मार्गच नव्हता, आणि कोंडीत सापडलेले सैन्य जिद्दीने लढते. जाफन्यातले तमिळ नागरिक तोफांच्या टप्प्यात होते. आणि आकाश पूर्णपणे सरकारचे होते.

लढाई द्वीपकल्पातल्या मुहमालै इथे येऊन गोठली. पुढची आठ-नऊ वर्षे तिथेच सीमा झाली. एप्रिल २००१ मध्ये लष्कराने 'अग्निकील' मोहिमेत ही रेषा फोडायचा प्रयत्न केला आणि काही दिवसांत शेकडो सैनिक गमावून मागे आले. जुलैत लिट्टेने कटुनायकेच्या विमानतळावर हल्ला करून विमाने जाळली. दोन्ही बाजू दमल्या होत्या. नॉर्वेच्या मध्यस्थीने फेब्रुवारी २००२ मध्ये शस्त्रसंधी झाली. वाटाघाटीच्या टेबलावर लिट्टे सरकारच्या बरोबरीने बसली. ए-९ पुन्हा वाहता झाला आणि जाफन्याला जाणारे प्रवासी एलिफंट पासवरून जाऊ लागले. वाटेत लिट्टेची जकात चौकी आणि पोलीस चौकीही लागे.

जिंकलेले ठाणे राखण्याची किंमत

एलिफंट पास हा लिट्टेच्या लष्करी ताकदीचा कळस होता. पण त्या विजयाने लिट्टेचे रूपच बदलले. वन्नीच्या जंगलात ती कुठूनही उगवणारी आणि कुठेही नाहीशी होणारी फौज होती. २००० नंतर तिला सीमा राखायची होती, राजधानीसारखी वापरलेली किलिनोच्ची सांभाळायची होती, न्यायालये, बँक, तोफखानाही. जागा राखायला माणसे लागतात, आणि ती सतत लागतात. शस्त्रसंधीच्या काळातही लिट्टेने मुलांची भरती चालूच ठेवली, आणि युनिसेफने अशा हजारो मुलांच्या नोंदी केल्या. मार्च २००४ मध्ये करुणा फुटला आणि पूर्वेकडचे मनुष्यबळ निसटले. पूर्वेची पोरे उत्तरेसाठी मरतात, पण मोठ्या जागा उत्तरेकडच्यांनाच मिळतात, हा त्याचा उघड आक्षेप होता.

२००६ मध्ये युद्ध पुन्हा पेटले तेव्हा जाफना वाचवणारे फोन्सेका लष्करप्रमुख झाले होते. मुहमालैच्या रेषेवर लष्कराने २००६ मध्ये आणि २००८ मध्ये पुन्हा समोरून डोके आपटले आणि दोन्ही वेळा मार खाल्ला. मग जे झाले ते वाघांनी ओळखायला हवे होते. लष्कराने पश्चिम किनाऱ्यावरून आणि दक्षिणेकडून हळूहळू वन्नी पोखरली. १ जानेवारी २००९ रोजी परंतन आणि दुसऱ्या दिवशी किलिनोच्ची पडली. ए-९ हातचा गेल्यावर मुहमालैची अभेद्य रेषा निरुपयोगी झाली. लिट्टेने ती सोडली आणि ९ जानेवारीला एलिफंट पासही गेला. २००० मध्ये जसा तो समोरून न पडता पाठीमागून पडला, तसाच याही वेळी पडला.

बलराज हे पाहायला नव्हता. मे २००८ मध्ये तो हृदयविकाराने गेला होता. कुडारप्पूचे इतर काही सेनापती पुढच्या वर्षभरात मारले गेले. मे २००९ मध्ये नंदीकडल खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर लिट्टेचा आणि प्रभाकरनचा शेवट झाला. त्या पट्टीवर लढवय्यांपेक्षा कितीतरी अधिक सामान्य तमिळ माणसे अडकली होती. लिट्टेने त्यांना जाऊ दिले नाही आणि लष्कराने तोफांचा मारा थांबवला नाही. त्या शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाचा अंदाज आहे.

युद्धानंतर एलिफंट पासवर सरकारने विजयाचे स्मारक उभारले आणि हसलक गामिणीने अडवलेला बुलडोझर रस्त्याकडेला जतन करून ठेवला. भारताच्या मदतीने रेल्वे पुन्हा बांधली गेली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये 'याळ देवी' गाडी जाफन्यात पोहोचली. मुहमालैतले सुरुंग काढायचे काम त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिले. पर्सी फर्नांडोंबरोबर माघारी निघालेल्या शिपायांचे आणि इत्ताविलच्या खंदकांत मेलेल्या पोरांचे एकत्र स्मारक कुठेही नाही.

लष्करी अभ्यासक कुडारप्पूच्या मोहिमेचे कौतुक करतात, आणि ते रास्तही आहे. कमी माणसांनिशी शत्रूचे मर्म नेमके ओळखून साधलेली ती चाल होती. पण मोहीम जिंकणे वेगळे आणि तिच्यातून काही मिळवणे वेगळे. २००० च्या मे महिन्यात प्रभाकरनच्या हातात एवढी ताकद होती की स्वतंत्र ईलमपेक्षा, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रापेक्षा कमी, पण तमिळांना पुरेल असे काही तो मागू शकला असता आणि कदाचित मिळवूही शकला असता. त्याने ते मागितले नाही. पुढे २००५ च्या निवडणुकीत लिट्टेने तमिळांना मतदानापासून रोखले, त्यामुळे महिंदा राजपक्षे थोडक्यात निवडून आले, आणि युद्ध शेवटपर्यंत नेणारे सरकार त्यांचेच होते. शत्रूची विहीर कुठे आहे हे लिट्टेला अचूक कळले. आपली कुठे आहे, हे कळले नाही. ती होती दमलेल्या तमिळ लोकांच्या संमतीत, आणि तिथले पाणी आटत चालले होते.